गोव्यातून पहिल्यांदा बर्फावर जाताना: उतारावरचं स्कीइंग आणि त्याचे प्रकार

डिचोलीहून एका ताईंनी विचारलं आहे: "नाताळच्या सुट्टीत चार दिवस गुलमर्गला जायचा बेत आहे. आम्ही दोघं आणि ११ वर्षांची मुलगी. बर्फ कोणीच पाहिलेला नाही. मुलगी रोलर स्केटिंग करते. डाउनहिल स्कीइंग म्हणजे नेमकं काय, त्याचे प्रकार किती, त्यातला आम्ही कोणता शिकायचा आणि चार दिवसांत काय जमेल?"

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिकिटं त्यावर काढायची आहेत. चार दिवसांत तुम्ही तिघंही सौम्य उतारावरून स्वतःच्या ताब्यात खाली येऊ शकाल, ठरवाल तिथे वळाल आणि ठरवाल तिथे थांबाल. पण चारही दिवस एकाच प्रशिक्षकाकडे आणि शक्यतो एकाच उतारावर घालवायला हवेत. आणि कोणता प्रकार शिकायचा हा प्रश्न तेवढे दिवस बाजूला ठेवायला हवा. स्कीइंगचे जेवढे प्रकार आहेत ते सगळे एकाच गोष्टीतून फुटतात: उताराच्या दिशेनं अंग टाकायची तयारी. ती अंगात उतरली नसेल तर कुठल्याच प्रकाराला अर्थ नाही.

मी फोंड्याचा. वयाच्या २५व्या वर्षापर्यंत बर्फ म्हटलं की मला मासळीच्या टोपलीतला चुरा आठवायचा, दुसरा बर्फ मी पाहिलाच नव्हता. आज गेले सोळा हिवाळे मी गुलमर्गच्या उतारांवर शिकवतो आणि पावसाळ्यात घरी असतो. समुद्रकाठच्या माणसाला बर्फावर नेमकं काय अवघड जातं ते मी आधी स्वतःच्या अंगावर आणि नंतर शेकडो शिकाऊंच्या अंगावर पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संगीतात जशी घराणी असतात तशी स्कीइंगची दोन मोठी घराणी आहेत, आणि त्यांच्यातला फरक पायाच्या टाचेत आहे. एकात बूट फक्त पुढच्या बाजूनं स्कीला, म्हणजे पायाखालच्या लांब पट्टीला, जोडलेला असतो आणि टाच मोकळी राहते. सपाट किंवा चढउताराच्या मुलखात मैलोन्‌मैल चालायचं तर टाच उचलता आलीच पाहिजे. हे नॉर्डिक स्कीइंग. दुसऱ्यात टाचसुद्धा पट्टीला घट्ट जखडलेली असते. चालताना त्याचा त्रास होतो, पण उतरताना पाऊल, बूट आणि स्की एकजीव होतात आणि पायाची बारीकशी हालचालही थेट बर्फापर्यंत पोहोचते. हे अल्पाइन स्कीइंग. आपल्याकडे ज्याला सरसकट डाउनहिल म्हणतात ते हेच. वर जायचं लिफ्टनं किंवा गोंडोल्यानं, म्हणजे तारेवरून सरकणाऱ्या बंद केबिननं, खाली यायचं आपल्या पायावर. एक घोटाळा इथेच मिटवून टाकू. 'डाउनहिल' हे एका विशिष्ट शर्यतीचंही नाव आहे, तिच्याकडे पुढे येतो.

टाच जखडण्याची गरज का पडली याची गोष्ट मला फार आवडते. 'स्की' या शब्दाचा मूळ अर्थ चिरलेल्या लाकडाची फळी. नॉर्वेत माणसं हजारो वर्षं या फळ्या बांधून हिंडत होती, शिकारीला जात होती. एकोणिसाव्या शतकात तिथल्या टेलेमार्क भागातल्या मॉर्गेदाल गावच्या सोंद्रे नॉरहाइमनं टाचेमागून वळसा घालणारा बंध वापरला. त्यामुळे उडी मारली तरी फळी पायातून निसटेना आणि उतारावर डौलदार वळणं घेता येऊ लागली. ही विद्या मध्य युरोपात आल्प्समध्ये पोहोचली तेव्हा मात्र नॉर्वेतले लांबलचक उतार तिथे नव्हते, कडे होते. ऑस्ट्रियातल्या लिलियनफेल्डच्या माथियास झ्दार्स्कीनं फळी आखूड केली, धातूचा बंध बसवला, १८९६ मध्ये आपल्या तंत्रावर पुस्तक लिहिलं आणि १९०५ मध्ये तिथल्याच डोंगरावर खुणांमधून वळत उतरायची शर्यत घेतली. पुढे आर्लबर्ग भागातल्या हानेस श्नायडरनं शिकवण्याच्या पायऱ्या घालून दिल्या: आधी कासवगतीचं ब्रेक लावत उतरणं, मग अर्धवट वळण, शेवटी दोन्ही स्की समांतर ठेवून वळण. तुमच्या मुलीला गुलमर्गला पहिल्या दिवशी जे शिकवतील ते याच शिडीवरून आलेलं असेल.

आता मुद्द्याची गोष्ट, फॉल लाइन. डोंगराच्या उतारावर पाणी ओतलं तर ते ज्या वाटेनं सरळ खाली धावेल ती रेघ म्हणजे फॉल लाइन. आपल्याला हे समजायला बर्फ लागत नाही. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात कौलांवरून पाणी कसं सरळ पन्हळीकडे येतं, अंगणातल्या जांभ्यावर ते कोणती वाट काढतं, हे आपण लहानपणापासून बघतो. स्की पायात चढवून सपाट ठेवली की तीही पाण्यासारखीच त्या रेघेवर जायला बघते. तिला आडवी केली की वेग मरतो. पणजीच्या चर्चसमोरच्या पांढऱ्या नागमोडी पायऱ्या डोळ्यांसमोर आणा. सरळ वर चढणं जिथे छातीवर आलं असतं तिथे जिना एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळत जातो. उतरताना आपण तेच करतो. आडवं जायचं, वळायचं, पुन्हा आडवं जायचं. कितीही तीव्र उतार असला तरी तो असा वळणावळणांनी सौम्य करून घेता येतो, फक्त वळता आलं पाहिजे.

वळायचं कसं? स्कीच्या दोन्ही कडांना खाली पोलादाची धार असते. सुरी आडवी ठेवली तर कापत नाही, कलती केली की धार लागते. स्कीचंही तसंच. सपाट स्की घसरते, कलती स्की बर्फाला पकडते. शिवाय स्की मधे अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असते. ती कलती करून तिच्यावर भार टाकला की मधे वाकते आणि तिची धार आपोआप कमानीत धावू लागते. १९९० च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीनं ही मधली अरुंदी बरीच वाढवली. तेव्हापासून आखूड, कमरेत बारीक अशा स्कींचं युग आलं आणि शिकणं खूप सोपं झालं. त्याआधी लोक आपल्या उंचीपेक्षा हातभर लांब फळ्यांवर शिकत. आज नवख्याला हनुवटी ते नाक एवढ्या उंचीची स्की पुरते. दुकानदार त्याहून लांब देऊ लागला तर घेऊ नका.

वळताना भार कुणावर टाकायचा, तर वळणाच्या बाहेरच्या पायावर, म्हणजे वळण पुरं होता होता जो पाय दरीकडच्या बाजूला असतो त्याच्यावर. बहुतेकांची गाडी अडते ती इथेच. उतार दिसला की माणूस डोंगराकडे झुकतो, ढुंगण मागे टाकतो आणि भार टाचेवर घेतो. जमिनीवर ही सवय जीव वाचवते. बर्फावर नेमकं उलटं होतं. भार मागे गेला की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, धार सुटते, वळायचं साधनच हातात राहत नाही आणि वेग वाढतो. वेग वाढला की भीती वाढते, भीतीनं माणूस आणखी मागे झुकतो. यातून बाहेर पडायची वाट एकच: नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकलेली ठेवायची, दोन्ही हात पुढे ताट धरल्यासारखे, आणि छाती दरीकडे. पहिल्या दिवशी मी शिकाऊंना दर वळणानंतर एकच प्रश्न विचारतो, "नडगी टेकली आहे का?" दुसरं काही विचारत नाही.

हे मी एवढ्या पोटतिडकीनं लिहितो त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात भाड्यानं घेतलेले बूट मला दोन मापं मोठे होते. आयुष्य चपलांमध्ये गेलेलं, पंजा पसरलेला, त्यामुळे योग्य मापाचा बूट मला आवळल्यासारखा वाटला आणि मीच मोठा मागून घेतला. देणाऱ्यानंही हटकलं नाही. बुटात टाच उचलली जायची, स्की माझं ऐकायची नाही, मी मागे झुकायचो. तिसऱ्या दिवशी दुपारी, थकलेला असताना, मागे बसल्यासारखा पडलो आणि गुडघा पिळवटला. लिगामेंटला इजा झाली. त्या हिवाळ्याचं स्कीइंग तिथेच संपलं आणि पुढचे कित्येक महिने जिना उतरताना कठडा धरावा लागला. म्हणून बुटांविषयी दोन शब्द जास्त सांगतो.

स्कीच्या बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. घरीच भिंतीला टाच टेकवून कागदावर पाऊल मोजून घ्या. २५ सेंटिमीटर भरलं तर २५ चा बूट मागा. बूट घालून ताठ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम लागला पाहिजे आणि गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की तो किंचित मागे सरला पाहिजे. टाच उचलता येता कामा नये. मोजा एकच, पातळ, लांब. थंडी वाजेल म्हणून दोन जोड चढवले तर रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतो. आणि बूट स्कीला जिथे अडकतो त्या बाइंडिंगची गोष्ट. पडताना ठराविक जोर आला की ते बूट सोडून देतं: पंजाकडे बाजूला, टाचेकडे वर. तो जोर वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो. म्हणून दुकानात वजन विचारलं तर खरं सांगा, लाजून चार किलो कमी-जास्त सांगू नका. आणि मैत्रीखातर कोणी स्क्रू आवळू लागला तर हात धरा. हेल्मेट तिघांनाही पाहिजे, मुलीला तर आहेच पण तुम्हालाही.

चार दिवस असे जातील. पहिला दिवस जवळजवळ पूर्ण सपाटीवर: बूट घालून चालणं, एका पायात स्की घालून सरकणं, आडव्या पावलांनी उतार चढणं, पडणं आणि उठणं. उठायला शिकणं ही स्वतंत्र कला आहे. दोन्ही स्की उताराला आडव्या केल्याशिवाय उठायचा प्रयत्नच करायचा नाही. दुसऱ्या दिवशी स्नोप्लाऊ: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, कौलारू घराच्या छपराचा आकार. त्या आकारात आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग मंदावतो. मुलांना हे 'पिझ्झा' म्हणून शिकवतात आणि त्यांना ते लगेच कळतं. तिसऱ्या दिवशी त्याच आकारात एका पायावर भार टाकून वळणं. चौथ्या दिवशी, तुम्ही सकाळी ताजेतवाने असताना, लिफ्टला धरून जरा वरून सुरुवात. तुमची मुलगी बहुधा तुमच्या एक दिवस पुढे असेल. रोलर स्केटिंगमुळे तिला एका पायावर तोल माहीत आहे, फक्त चाकांवर वेग घ्यायला पाय ढकलायची जी सवय आहे ती इथे विसरावी लागेल. इथे वेग उतार देतो, आपल्याला तो फक्त खर्च करायचा असतो.

आश्वे-मोरजीकडे सर्फिंग करणारे तरुण माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचा तोल उत्तम असतो, पण ते आडवं उभं राहून मागच्या पायावर भार घ्यायला सरावलेले असतात. त्यांना स्नोबोर्ड जवळचा वाटतो, कारण त्यात दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले असतात. स्नोबोर्ड ही वेगळीच विद्या आहे. चार दिवसांत दोन्हींची चव घ्यायला जाऊ नका.

आता प्रकार. पहिला आणि सगळ्यांचा, आखलेल्या उतारावरचं स्कीइंग. अशा उताराला पिस्त म्हणतात. रात्री यंत्र फिरवून बर्फ दाबून, विंचरून ठेवतात आणि सकाळी त्यावर मखमलीसारख्या बारीक रेषा दिसतात. युरोपात उतारांना रंग दिलेले असतात: सोपा हिरवा किंवा निळा, मध्यम लाल, अवघड काळा. या विंचरलेल्या बर्फावर दोन्ही स्की समांतर ठेवून, अजिबात न घसरता, निव्वळ धारेवर वळणं घेण्याला कार्व्हिंग म्हणतात. मागे वळून पाहिलं तर बर्फात पेन्सिलनं ओढल्यासारख्या दोन बारीक रेघा दिसतात. मला विचाराल तर स्कीइंगमधलं सगळ्यात शुद्ध सुख हेच. पहिल्या दहा-पंधरा दिवसांच्या सरावानंतर ते हाताशी येतं, आणि माणसं ते सोडून उड्या मारायच्या मागे लागतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा प्रकार शर्यतींचा. यात चार मुख्य शर्यती आहेत आणि त्यांच्यातला फरक म्हणजे वेग आणि वळणं यांचा सौदा. स्लालममध्ये खुणांचे खांब अगदी जवळजवळ असतात. स्कीअर नडगीनं आणि हातानं ते खांब आपटत, अंग त्यांच्या आतून काढत झपाट्यानं वळतो. खांब बुडाशी दुमडणारे असतात म्हणून हे जमतं. स्लालम शब्द नॉर्वेजियन आहे, उतारावरची वाट अशा अर्थाचा. त्याचं आजचं रूप ब्रिटिश स्कीअर आर्नल्ड लन यांनी १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युरनला घालून दिलं. जायंट स्लालममध्ये खुणा लांब लांब जातात आणि वळणं मोठी होतात. या दोन्हींत दोन-दोन फेऱ्या होतात आणि वेळांची बेरीज धरतात. सुपर-जी त्याहून वेगवान, एकच फेरी. आणि शेवटी खरी 'डाउनहिल' शर्यत: कमीत कमी वळणं, लांबच लांब मार्ग, वाटेत उड्या, आणि ताशी १३०-१४० किलोमीटरचा वेग. स्वित्झर्लंडच्या वेंगनमधला मार्ग सुमारे साडेचार किलोमीटरचा आहे. तिथे २०१३ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेनं ताशी १६१.९ किलोमीटर वेग गाठला. आपल्या महामार्गावर गाडीतसुद्धा जो वेग धडकी भरवील तो पातळ कपड्यांत, पायाखाली दोन पट्ट्या घेऊन. ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंग १९३६ मध्ये आलं, डाउनहिल आणि स्लालम या स्वतंत्र शर्यती १९४८ पासून, जायंट स्लालम १९५२ पासून आणि सुपर-जी १९८८ पासून.

भारताचंही इथे नाव आहे. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेला पहिला भारतीय खेळाडू जेरेमी बुजाकोवस्की, १९६४, इन्सब्रूक, तो अल्पाइन स्कीअरच होता. मनालीजवळच्या आंचल ठाकूरनं २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्लालममध्ये कांस्यपदक मिळवलं. आणि गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्ग भागातला आरिफ खान २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लालममध्ये तो ४५वा आला. ४५ हा आकडा लहान वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या की त्या दिवशी बर्फ पडत होता, कित्येक जण शर्यत पूर्ण करू शकले नाहीत, आणि आल्प्सच्या मुलांना मिळतो तसा यंत्रानं घडवलेला, बर्फगच्च शर्यतीचा उतार आपल्याकडे क्वचितच असतो. गुलमर्गला तुमच्या मुलीला त्याचं नाव कोणीही सांगेल.

मोगल हा तिसरा. एकाच तीव्र उतारावर शेकडो माणसं वळली की बर्फाचे उंचवटे आणि खड्डे तयार होतात. त्यांवरून गुडघे स्प्रिंगसारखे वापरत उतरायचं. हा १९९२ पासून ऑलिंपिक खेळ आहे. गुडघे धडधाकट असलेल्यांनीच जावं. त्याच फ्रीस्टाइल कुळात हवेत कोलांट्या घेणारे एरियल्स, रेलिंग आणि उंचवटे यांवरून घसरणारं स्लोपस्टाइल, अर्ध्या नळीसारख्या खोलगट भिंतींवरचं हाफपाइप आणि चौघांनी एकदम उतरायचं स्की क्रॉस येतात. तरुणांचं लक्ष इथे असतं. मी यातला नाही, त्यामुळे जास्त बोलत नाही.

चौथा प्रकार फ्रीराइड, म्हणजे आखलेल्या मार्गाबाहेरच्या मोकळ्या, ताज्या, न तुडवलेल्या बर्फात उतरणं. या भुसभुशीत बर्फाला पावडर म्हणतात. इथे रुंद स्की लागतात. पिस्तसाठी मधली रुंदी ७० ते ८० मिलिमीटर पुरते, इथे १०० च्या वर जावं लागतं, नाहीतर माणूस बुडतो. गुलमर्गचं जगभरात नाव आहे ते याच्यासाठी. गाव सुमारे २,६५० मीटरवर, गोंडोल्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवात डोंगराच्या खांद्यावर ३,९०० मीटरच्या पुढे. एवढ्या उंचीवर केबिननं पोहोचवणाऱ्या जागा जगात थोड्या आहेत, आणि वरून खाली येणारे बहुतेक उतार मोकळे, आखणी नसलेले आहेत.

आता कृपा करून पुढचं नीट वाचा. दुसऱ्या टप्प्याचं तिकीट कोणालाही मिळतं. वर जाऊन बर्फ बघायला आणि त्याच केबिननं परत यायला काही हरकत नाही. पण स्की घेऊन तुम्ही या खेपेला तिथे जायचं नाही, कोणी कितीही म्हणालं तरी. नव्या बर्फाचा थर जुन्या थरावर नीट बसलेला नसतो तेव्हा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सगळा थर एकदम सुटतो. हे हिमस्खलन. २०१० च्या फेब्रुवारीत गुलमर्गला लष्कराच्या प्रशिक्षणार्थी जवानांची तुकडी अशा स्खलनाखाली सापडली आणि १७ जणांचा जीव गेला. २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत परदेशी स्कीअर गेले, आणि ते नवखे नव्हते. गस्तीचं पथक गोंडोल्याखालचा खोलगट भाग सांभाळतं, त्याच्या बाहेर गेलं की ज्याचा तो. तिकडे जाणारा माणूस अंगावर सिग्नल देणारं यंत्र, पाठीवर फावडं आणि लांब सळई घेऊन, आणि ते वापरता येणाऱ्या सोबत्याबरोबर जातो. गाडला गेलेला माणूस वाचवायला हाताशी दहा-पंधरा मिनिटंच असतात. बाहेरून मदत यायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून सोबतीच शोधतात.

उरले दोन प्रकार, दोन्ही जुन्याकडे परतणारे. टेलेमार्कमध्ये टाच पुन्हा मोकळी आणि वळताना एक गुडघा जवळजवळ बर्फाला टेकवत उतरायचं. बघायला सुंदर, मांड्यांना भारी. आणि स्की टूरिंग: चढताना टाच मोकळी करून, स्कीखाली एका दिशेनं घसरणारी आणि दुसऱ्या दिशेनं धरणारी पट्टी चिकटवून आपल्या पायांनी डोंगर चढायचा, वर पट्टी काढायची, टाच जखडायची आणि अल्पाइन पद्धतीनं उतरायचं. त्याचं शर्यतीचं रूप, स्की माउंटेनिअरिंग, २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये घेतलं गेलं. लिफ्टची रांग, गर्दी, गोंगाट यांपासून दूर जायचं असेल तर पाच-सहा हिवाळ्यांनंतर याचा विचार करा.

म्हणजे तुमच्यासाठी प्रकार ठरलेला आहे: अल्पाइन, पिस्तवर, स्नोप्लाऊपासून. आता तारखांकडे येऊ, कारण तिथे माझी खरी हरकत आहे. नाताळच्या आठवड्यात गुलमर्गला गर्दी सर्वांत जास्त आणि बर्फाचा भरवसा सर्वांत कमी. काश्मीरचा कडक हिवाळा, चिल्ले कलान, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि ४० दिवस चालतो. बर्फ साचायला त्यातले काही आठवडे जावे लागतात. २०२४ मध्ये तर जानेवारी संपत आला तरी गुलमर्गचे उतार तपकिरी होते आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. मुलीची शाळा आठवडाभर बुडवणं शक्य असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य ही वेळ धरा. आणि चाराऐवजी सात दिवस काढता आले तर फार बरं. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगम, मनालीला अटल बिहारी वाजपेयी यांच्या नावाची गिर्यारोहण संस्था. त्यांचे बरेच दिवसांचे अभ्यासक्रम असतात, राहणं-जेवण-साहित्य-शिकवणी एकत्र. हॉटेलबाहेर तासावर मिळणाऱ्या 'पॅकेज'मध्ये माणूस तुमच्या काठ्या धरून तुम्हाला दोनदा खाली आणतो, फोटो काढतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. फोटो चांगला येतो, पण शिकून काही होत नाही. औलीला जायचं झालं तर एक गोष्ट विचारून घ्या: जोशीमठला २०२३ च्या जानेवारीत जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला, तर वर कसं जायचं ते आधी ठरलेलं हवं.

मोपा किंवा दाबोळीहून दिल्ली-मुंबईमार्गे श्रीनगर, तिथून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. तंगमर्गनंतर शेवटचा घाट बर्फात चाकांना साखळ्या लावून चढतात, म्हणून पोहोचायचा दिवस शिकण्यात धरू नका. समुद्रसपाटीवरून एका दिवसात अडीच हजार मीटरच्या वर गेलं की डोकं जड होणं, झोप न लागणं होतं. पहिली संध्याकाळ गावात हळू फिरण्यात घालवा, पाणी भरपूर प्या. थंडीत तहान लागत नाही, म्हणून आठवणीनं प्या.

तयारी आत्तापासून, आणि ती डिचोलीतच होते. स्कीइंगमध्ये मांड्यांना वजन पेलत हळूहळू लांबायचं काम असतं. ते काम जिना चढताना होत नाही, उतरताना होतं. पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर किंवा तुमच्या जवळच्या कुठल्याही देवळाच्या पायऱ्यांवर आठवड्यातून तीनदा जा, हळू, कठडा न धरता, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून उतरा. भिंतीला पाठ टेकून खुर्चीवर बसल्यासारखं बसा, ३० सेकंदांपासून दीड मिनिटापर्यंत न्या. दात घासताना एका पायावर उभे राहा. आणि उकिडवं बसत जा. नडगी पुढे झुकवायला घोटा वाकावा लागतो, आणि खुर्चीवर बसून बसून तो आखडलेला असतो. आपल्या आज्यांचे घोटे या खेळासाठी आपल्यापेक्षा जास्त तयार होते. आठ आठवडे एवढं केलंत तर तिसऱ्या दिवशी दुपारी, जिथे मी पडलो, तिथे तुमचे पाय थरथरणार नाहीत.

कपड्यांचं एकच सांगतो: अंगाला लागून सुती काही नको. आपल्याला सुती कपड्याची सवय, पण शिकाऊ माणूस बर्फात खूप घामाघूम होतो, सुती बनियन तो घाम धरून ठेवते आणि लिफ्टवर बसलं की अंग गारठतं. आत घाम बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा थर, मधे ऊब देणारा, वर पाणी आणि वारा अडवणारा. वरचा थर आणि पँट तिथे भाड्यानं मिळते. हातमोजे मात्र स्वतःचे, जलरोधक, आणि मुलीसाठी दोन जोड. उन्हाची आपल्याला सवय आहे म्हणून गाफील राहू नका. बर्फावरचं ऊन खालून उसळून येतं, हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजतं. क्रीम तिथेही लावायचं, आणि डोळ्यांवर गॉगल ढगाळ दिवशीही.

मुलीला उतारावर जाण्याआधी एक नियम पाठ करून घ्या. १९६७ पासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची दहा कलमांची आचारसंहिता आहे, त्यातलं हे कलम आहे: जो खाली आहे त्याचा हक्क आधी. वरून येणाऱ्याला खालचा दिसतो, खालच्याला वरचा दिसत नाही, म्हणून वाट वाकडी करायची ती वरच्यानं. थांबायचं झालं तर कडेला थांबायचं, उंचवट्याच्या आड कधीच नाही, कारण तिथे वरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. ती स्केटिंग करते म्हणजे तिला वेग आवडत असणार, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती तुमच्याकडे वरच्या उताराचा हट्ट धरेल. तिच्या प्रशिक्षकाला विचारा, ती सांगितल्या जागी थांबते का. सलग दहा वेळा थांबत असेल तर तिला वर जाऊ द्या.